समुद्राची खरी नक्कल

जगात दोन प्रकारची माणसे असतात. एक समुद्राकाठी राहणारी आणि दुसरी समुद्राचे चित्र भिंतीवर लावणारी. पहिल्या प्रकारच्या माणसाच्या घरात समुद्राचे चित्र सहसा सापडत नाही. मालवणच्या माणसाने दिवाणखान्यात लाटांचे चित्र लावणे म्हणजे हलवायाने माजघरात पेढ्यांचे कॅलेंडर टांगण्यासारखे आहे. खिडकी उघडली की समोर तेच, आणि तेही फुकट.

आम्ही दुसऱ्या प्रकारातले. आसेगाव, जिल्हा वाशीम. इथून मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून लांब. मध्ये डोंगर, नद्या, सह्याद्री, आणि ते सगळे ओलांडले तरी कल्याणपासून पुढे लोकलची गर्दी. असे असूनही आमच्याकडे समुद्राची टंचाई कधी भासली नाही. पाण्याची भासते, ती वेगळी. सलूनच्या आरशावर समुद्र आहे, त्यात माड कललेले आहेत. किराणा दुकानाच्या कॅलेंडरात समुद्र आहे, त्यावर सूर्य मावळतो तो वर्षभर मावळतच असतो. आणि पूर्वीच्या फोटो स्टुडिओतला तो रंगवलेला पडदा तर विसरताच येत नाही. चंद्र, लाटा आणि एक रिकामी होडी. त्या पडद्यापुढे उभे राहून काढलेल्या फोटोंवर आमच्या पंचक्रोशीतली कितीतरी लग्ने जमली. त्या जोडप्यांना आता नातवंडे झाली, पण त्यांतल्या कित्येकांनी खरा समुद्र अजून पाहिलेला नाही. संसार मात्र झाला. यावरून समुद्राची नक्कलसुद्धा कामापुरती पुरते, असे अनुमान काढायला हरकत नसावी.

आमच्या या समुद्रसाठ्यात मध्यंतरी एका परदेशी समुद्राची भर पडली.

माझा एक भाचा जर्मनीत हॅम्बुर्गला कॉम्प्युटरचे काही काम करतो. काय करतो ते मला त्याने तीनदा समजावून सांगितले आणि मला ते तिन्ही वेळा वेगवेगळे समजले. त्याने पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून एक चित्र पाठवले. सोबत चिठ्ठी : 'मामा, माझ्या गावचे चित्र आहे. फाइन आर्ट प्रिंट आहे, मोठ्या चित्रकाराची. एचिंगवरून केली आहे. एक्स्प्रेशनिस्ट.' शिवाय एक प्रमाणपत्रही होते. कागद शंभर टक्के कापसाचा आहे आणि शाई शंभर वर्षे उडणार नाही, अशी त्यात हमी होती. आमच्या पासबुकातली शाई एक पावसाळा काढत नाही, तेव्हा मी ते प्रमाणपत्र आधी दोनदा वाचले आणि मग चित्र उलगडले.

चित्रात बंदर होते, असे चिठ्ठीमुळे कळत होते. खाली काळ्या वेड्यावाकड्या रेघा, म्हणजे पाणी. वर काळ्या वेड्यावाकड्या रेघा, म्हणजे धूर. मध्ये काही रेघा जरा उभ्या होत्या, त्या डोलकाठ्या. एक बुटकी आगबोट नाकाने धूर सोडत कुठेतरी निघालेली. माड नाही, सूर्य नाही, होडीत बसलेले जोडपे तर नाहीच नाही. सौभाग्यवतीने लांबून पाहिले, जवळून पाहिले आणि विचारले, "पाठवताना भिजलं का हो?"

घरात एकमत होईना, म्हणून ते चित्र मी बँकेत नेले. तिथे कामाच्या वेळात मते भरपूर मिळतात. चहाच्या वेळी टेबलावर पसरून ठेवले. पीककर्जाच्या कामाला आलेले एक आजोबा काठीवर हनुवटी ठेवून बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय व्हय जी?"

"समुद्र आहे आजोबा. बंदर."

"समुद्र? मले तं पावसात सापडलेली कडब्याची गंजी वाटते बाप्पा."

सगळे हसले. आजोबा नाही हसले. पुन्हा वाकून म्हणाले, "पन वारा मात्र लय सुटला हाये तिथं. थे बराबर काहाडलं हाये त्यानं."

एक्स्प्रेशनिझमवर मी नंतर दोन जाड पुस्तके वाचली. आजोबांच्या दुसऱ्या वाक्यापेक्षा जास्त त्यांत फारसे नाही. वस्तू दिसते तशी न काढता वाटते तशी काढायची, हा या पंथाचा मुख्य मंत्र. 1905 साली ड्रेस्डेन शहरात वास्तुशास्त्र शिकणाऱ्या चार पोरांनी 'ब्र्युके' म्हणजे 'पूल' या नावाचा चित्रकारांचा गट काढला, तिथपासून हा पंथ नावारूपाला आला. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आणि घरे काढायची ती वाकडी! आईबापांना काय वाटले असेल, ते त्यांनी कुठल्या शैलीत व्यक्त केले असेल, याची कल्पना मराठी माणसाला सहज करता येईल.

आता एचिंग. हा शब्द ऐकून कोणी घाबरू नये. आपल्या सगळ्यांच्या घरात त्याचा चुलतभाऊ नांदतो आहे. फळीवरचे पितळी ताट काढा आणि कडेला पाहा. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट' अशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरे दिसतील. भांडीवाला छिन्नी आणि हातोडी घेऊन दुकानाच्या पायरीवर ती टकटक कोरत बसतो. त्या अक्षरांत काजळ भरले, वरचे पुसून टाकले आणि ओला कागद दाबला, तर मामाची सप्रेम भेट कागदावर उमटेल. फक्त उलटी. बाकी सगळे शास्त्र तेच.

एचिंगमध्ये छिन्नीचे काम आम्ल करते. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा. त्या लेपावर सुईने चित्र ओरखडायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे लेप निघाला तिथे आम्ल धातू खाते. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि काळी. मुदतठेवीसारखे आहे हे. मुदत वाढली की व्याज वाढते. मग पत्रा धुवायचा, शाईने माखायचा, वरवरची शाई पुसून काढायची, म्हणजे रेघांत अडकलेली तेवढी उरते. त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि उसाच्या चरकातून काढतात तसा दोन रुळांमधून दाबून काढायचा. रस कागदावर उतरतो.

असे वीस, चाळीस, पन्नास छापे काढतात आणि प्रत्येकाखाली चित्रकार पेन्सिलीने आकडा घालतो. 7/50 म्हणजे पन्नासांतला सातवा. ठरलेले छापे निघाले की पुष्कळदा पत्र्यावर आडवे ओरखडे मारून तो रद्द करतात. हे वाचले तेव्हा मला या चित्रकार मंडळींविषयी एकदम घरोबा वाटू लागला. अनुक्रमांक घालणे आणि नको असलेल्या कागदावर दोन आडव्या रेघा मारून 'रद्द' करणे, या दोन गोष्टींवर माझे निम्मे आयुष्य गेले आहे. कला आहे हे कोणी सांगितले नव्हते एवढेच.

आमच्या कॅशियरांना मात्र हे पटेना. ते मुळात हिशेबी गृहस्थ. म्हणाले, "पन्नास छापे निघाले. मग यातलं मूळ कुठलं?"

म्हटले, "पन्नासही मूळच."

"आणि तो पत्रा?"

"तो पत्रा म्हणजे चित्र नव्हे. त्यात सगळं उलटं असतं."

"म्हणजे मूळ नाहीच. आणि तुमच्याकडे जे आलंय ते त्या पन्नासांतल्या एकाचा फोटो काढून छापलेलं. म्हणजे नकलेची नक्कल." त्यांनी चष्मा पुसला. "यावर कोणीतरी 'खरी नक्कल' म्हणून सही-शिक्का मारायला पाहिजे."

खरी नक्कल! इतका सुंदर शब्दप्रयोग दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. कॅशियर गमतीने बोलले, पण मी त्या दोन शब्दांत अडकलो. पूर्वी एका मार्कलिस्टच्या खऱ्या नकलेसाठी राजपत्रित अधिकारी शोधत गावभर हिंडावे लागे. आता पुष्कळ ठिकाणी आपल्याच सहीने चालते. पण नक्कल खरी कशाने होते, हा प्रश्न सही कोणाचीही असली तरी उरतोच. तो सोडवायला मी इतिहासात शिरलो. इतिहासात एक सोय असते. तिथे काउंटरवर रांग नसते.

शिरल्याबरोबर पहिला शोध लागला तो असा की, धातूवर कोरण्याच्या बाबतीत आमचे वाशीम हॅम्बुर्गच्या फार पुढे होते. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा, चौथ्या शतकातला ताम्रपट वाशीमलाच सापडला. गाव दान दिल्याचा दस्तऐवज. म्हणजे सात-बाराच, पण तांब्यावर. तलाठ्याने खाडाखोड करायची म्हटली तर ऐरण लागली असती. सोळाशे वर्षांपूर्वी आमच्याकडे तांबे होते, कोरणारा होता, अक्षरे होती. कागद तेवढा आपल्याकडे यायचा होता. नाहीतर त्या पत्र्याला शाई फासून पहिला छापा वाशीमला निघाला असता, आणि अर्थातच त्याच्या नकलेसाठी दोन खेपा माराव्या लागल्या असत्या.

कागद आला, शाई आली, तरी हा योग जुळायला पेशवाईची अखेर उजाडली. पुण्याला इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या ओळखीने जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्याच्या दरबारात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे त्यानेच काढली. हा वेल्स 1791 साली मुंबईत उतरला आणि त्या वर्षी व पुढल्या वर्षी त्याने मुंबई बेटाची आणि आसपासची बारा दृश्ये टिपली. बंदर, गलबते, टेकड्या, माड. ही बारा दृश्ये एचिंग म्हणून 1800 साली छापून प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या समुद्रकाठच्या गावाची एचिंगची इतकी जुनी मालिका दुसरी मला माहीत नाही. वेल्सच्या नशिबी मात्र ती पाहणे नव्हते. तो 1795 सालीच इथे वारला. मुंबईचा तो समुद्र कधीच बुजवला गेला, टेकड्या फोडल्या गेल्या, माड तोडले गेले. मूळ गेले. नकला राहिल्या.

त्याच वेळी पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा एक कारागीर चित्रे काढत होता. आडनाव पाहा. पत्रा ठोकणाऱ्याच्या घरातला मुलगा. त्याने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, आणि ती अशी केली की आजही अभ्यासक ती जपून पाहतात.

तांबटांची आणखी एक हकीकत आहे. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात ती नोंदवली आहे. तांब्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापावी असे नाना फडणिसांच्या मनात होते. मॅलेटच्या हाताखाली तयार झालेला एक तांबट त्या कामाला लागला होता. पण पुण्याचे राजकारण फिरले, 1800 साली नाना वारले आणि काम अडकले. तांबट ते घेऊन मिरजेला पटवर्धनांकडे गेला आणि 1805 साली तिथे ती गीता छापली गेली. मला यात नानांपेक्षा तो तांबट दिसतो. सगळी अक्षरे आरशात पाहिल्यासारखी उलटी कोरायची. अठरा अध्याय! 'धर्मक्षेत्रे'पासून 'मतिर्मम'पर्यंत उलटी गीता ज्याच्या हाताखालून गेली, त्याला कर्मयोग निराळा सांगायची गरज पडली नसावी. फळ कोणाला मिळाले ते आपण पाहतोच आहोत. नानांचे नाव आपल्याला माहीत आहे, पटवर्धनांचे आहे. तांबटाला आपण 'एक तांबट' म्हणतो.

आता हॅम्बुर्गच्या चित्राकडे वळतो. त्याचा कर्ता एमिल नोल्डे. याचे खरे आडनाव हॅन्सेन. शेतकऱ्याचा मुलगा, नोल्डे नावाच्या खेड्यात 1867 साली जन्मला आणि पुढे त्याने गावाचेच नाव लावले. म्हणजे आपल्या हिशेबाने नोल्डेकर. हे कळल्यावर मला तो एकदम सातारा-सांगलीकडचा वाटू लागला. या नोल्डेकरांनी ब्र्युकेच्या पोरांबरोबर वर्षभर संसार केला आणि 1910 साली हॅम्बुर्गच्या बंदराजवळ मुक्काम ठोकून आगबोटी, धूर आणि पाणी पत्र्यावर ओरखडले. गंमत म्हणजे हॅम्बुर्गसुद्धा प्रत्यक्ष समुद्रावर नाही. एल्बे नदीवर आहे, समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर पुढे. म्हणजे त्यांचाही समुद्र उसनाच. अंतराचा फरक आहे एवढेच.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण पुढे वाचले आणि चहा निवला. हे नोल्डेकर हिटलरच्या पक्षाचे सभासद होते. ज्यूंविरुद्ध लिहिणारे, बोलणारे. आणि ज्या राजवटीवर त्यांनी जीव टाकला, तिने त्यांच्याशी काय करावे? त्यांची हजारावर चित्रे जर्मनीतल्या संग्रहालयांतून जप्त केली. आकडा 1052 आहे. दुसऱ्या कोणाही चित्रकाराची इतकी चित्रे जप्त झाली नाहीत. 1937 साली म्युनिचला 'भ्रष्ट कला' म्हणून एक प्रदर्शन भरवले, लोकांनी हसावे म्हणून, त्यात हेही टांगले गेले. 1941 साली त्यांना चित्रकार म्हणून धंदा करायलाच बंदी झाली. युद्ध संपल्यावर जगाने त्यांना छळ सोसलेला चित्रकार म्हणून डोक्यावर घेतले. त्यांच्या दुसऱ्या बाजूची खातेवही नीट उघडली गेली ती अलीकडे. 2019 साली बर्लिनला एक प्रदर्शन झाले, आणि त्या सुमारास चॅन्सेलर मर्केल बाईंच्या कचेरीतून नोल्डेंची दोन चित्रे उतरली. त्यांतले एक समुद्राचे होते. 1936 सालचे, फुटणाऱ्या लाटांचे.

कॅशियरांनी ही सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सरळ विचारले, "मग तुम्ही काढणार का?"

जमा-नावेच्या भाषेत याचे उत्तर येत नाही. माणसाच्या नावावर मोठे कर्ज दिसते, चित्राच्या नावावर काही दिसत नाही आणि खाते मात्र जोडखाते आहे. मी चित्र खाली उतरवले नाही, पण प्रमाणपत्राच्या मागे ही हकीकत माझ्या अक्षरात लिहून ठेवली. नक्कल खरी असायची तर तिच्यावर बोजाही चढवलेला पाहिजे. सात-बाराचा नियम आहे तो. इतर हक्कांचा रकाना कोरा ठेवून जमीन विकणाऱ्याला आपण काय म्हणतो?

जर्मनीत ज्यांना जागा उरली नाही, त्यांतले काहीजण मुंबईला आले, हा या गोष्टीचा आपल्याकडचा भाग. रुडॉल्फ फॉन लायडेन हा भूगर्भशास्त्राचा डॉक्टर 1933 साली मुंबईत आला. दगडांऐवजी चित्रांवर लिहू लागला आणि पुढे आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांसारख्या पत्त्यांचा जगातला मोठा जाणकार झाला. ऑस्ट्रियातून वॉल्टर लांगहॅमर आला आणि टाइम्स ऑफ इंडियाचा कलासंचालक झाला. यांच्या घरी मुंबईची गरीब, हुशार चित्रकार पोरे जमत. बाहेरच्या जगातली चित्रे त्यांनी पाहिली, ती बहुतेक छापील. पॅरिस नाही, बर्लिन नाही, पुस्तकातली पाने. खऱ्या नकला! त्याच पोरांतल्या सहाजणांनी 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा गोव्याच्या साळगावचा. रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेला. हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे. यांतले हरी अंबादास गाडे तळेगाव दशासरचे, जिल्हा अमरावती. म्हणजे आमच्या वऱ्हाडातले! विज्ञानाचे पदवीधर. समुद्रकाठच्या शहरात नवी चित्रकला उभी करणाऱ्या सहांत एक कापसाच्या मुलखातला होता, हे मी बँकेत सर्वांना सांगितले. कापूस गाठोड्यातून मुंबईला जातो एवढेच आम्हाला माहीत होते.

आणि शेवटी अजिंठा. वाशीमच्या वाकाटकांतला हरिषेण पाचव्या शतकातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. शेजारच्या सतराव्या लेण्याच्या लेखातही हरिषेणाचा उल्लेख आहे, आणि त्या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर काय आहे? समुद्र! सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा, समुद्रापलीकडचे राक्षसिणींचे बेट, नावेत उभे असलेले हत्ती. दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे, माठ भरलेले. समुद्रापासून इतक्या लांब, वाशीमच्या राजाच्या मुलखात, डोंगराच्या पोटात बसून कोणीतरी दिव्याच्या उजेडात समुद्र रंगवला. त्यांतल्या किती जणांनी तो पाहिला असेल? समुद्राचे चित्र भिंतीवर लावण्याची आमची खोड पंधराशे वर्षांची आहे, हे त्या दिवशी कळले.

त्या चित्रांच्या नकलांची कहाणी तर कोणा लेखकाने रचली असती तर अतिरंजित म्हणून परत आली असती. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात बसून नकला करत राहिला. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या. 1866 साली तिथे आग लागून बहुतेक सगळ्या जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि 1885 साली त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. त्या आधारे 1896-97 साली दोन मोठे ग्रंथ छापले गेले, ते मात्र उरले. कारण छापलेले होते. एक जळाला तर दुसरा होता. भिंत उठून कुठे जात नाही, हाताने केलेली नक्कल एकुलती एक असते, ती एका काडीत जाते. छापा तेवढा टिकतो. त्याची किंमत कमी असते म्हणून तो पुष्कळांकडे असतो, आणि पुष्कळांकडे असतो म्हणून तो उरतो.

दिवाळीत ताई वाशीमहून आली. ज्याने चित्र पाठवले त्याची आई. तोवर चित्राला काच बसवून ते पुढच्या खोलीत लावले होते. मी तिला सगळे सांगितले : एचिंग, आम्ल, नोल्डे, हिटलर. तिने ऐकले नसावे. ती चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हे त्याचं गाव?"

"हो. पण हे 1910 सालचं आहे ताई. आता असं नाही. आता चकाचक आहे. तो फोनवर दाखवतो ना तुला?"

"दाखवतो. उजेड असतो, रस्ते असतात, हसतो." ती काचेवर बोट ठेवून त्या काळ्या रेघांतून हळूहळू वर गेली, जिथे घरांसारखे काहीतरी होते. "त्याच्यात मला काही कळत नाही. हे मात्र खरं वाटतं. किती वारा आहे रे तिथे."

आजोबा जे म्हणाले तेच ती म्हणाली. मग थोड्या वेळाने विचारले, "यातली खिडकी कुठली असेल त्याची?"

त्यात खिडकी एकही नव्हती. मी एका रेघेकडे बोट दाखवले. तिला ते पुरले. कॅशियरांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. फोनमधला फोटो हॅम्बुर्गची नक्कल होती. या ओरखड्यांत ताईच्या मनातले हॅम्बुर्ग होते, लांबचे, थंड, काळोखे. चित्र कोणी काढले, कोणासाठी काढले, किती हातांतून छापून आले, याला मग काही अर्थ उरत नाही. बघणाऱ्याच्या आतले आणि कागदावरचे जुळले की सही-शिक्का पडतो. तो राजपत्रित अधिकारी प्रत्येकाच्या पोटात बसलेला असतो आणि त्याची वेळ ठरलेली नसते.

हे सगळे आमच्या बँकेच्या धंद्याला सोडून आहे असे कोणाला वाटेल, म्हणून जाता जाता हिशेब जुळवून देतो. शंभराची नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. रेघ बोटाला लागते. पत्र्यात कोरलेल्या रेघेतून शाई वर उचलली गेली आहे. तीच ताटावरची सप्रेम भेट, तोच मिरजेचा तांबट. कागद कापसाचा, भाच्याच्या चित्रासारखाच. खाली अनुक्रमांक. नाशिकच्या छापखान्यात 1928 सालापासून हे काम चालू आहे. मी इतकी वर्षे रोज बंडलेच्या बंडले मोजतो आहे ते छापेच आहेत, आणि त्यांतले 'मूळ' कुठले असे आजवर एकाही खातेदाराने विचारलेले नाही.

समुद्रही त्यात होता. जुन्या दहाच्या नोटेवर शिडाचे गलबत होते. 1954 साली निघालेल्या पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होता. ती 1978 साली रद्द झाली. आमच्याकडे ती कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे शोकही झाला नाही. 2001 साली आलेल्या विसाच्या नोटेच्या पाठीवर अंदमानचा किनारा होता, माडांसकट. आसेगावच्या बाजारात त्या समुद्राने कितीदा कोथिंबीर घेतली असेल! 2019 साली नवी वीस आली. तिच्या पाठीवर वेरूळ आहे. गंगाराम तांबटाने रेखाटले तेच वेरूळ, आता ज्याच्या-त्याच्या खिशात. जुन्या विसा अजून चलनात आहेत, क्वचित एखादी काउंटरवर येते. मळकी, चुरगळलेली, किनारा घडीवर फाटलेला. नियमाप्रमाणे मी ती खराब नोटांत वेगळी काढतो. पण आधी एकदा उलटी करून पाहतो, भरती आहे की ओहोटी.